बंदर गेलं, बाजार राहिला
पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातून एक फेरफटका

रविवारी फजरची नमाज झाली की आमच्या घरात पहिला प्रश्न असतो, "आज चांद कितवा?" नवख्या पाहुण्याला वाटतं, कुणाचा तरी नफील रोजा असेल. तसं काही नसतं. अम्मींना मासळीबाजारात जायचं असतं आणि खाडीला आज पाणी किती, हे त्यांना चांदावरून कळतं.

वाचकहो, आम्ही दोघंही शिक्षक. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा असतो, तो आम्ही मुलांना अनेकदा समजावून दिलेला आहे. पण हिजरी तारखेवरून भरतीची वेळ काढायची रीत अम्मींनीच शिकवली. कोकणात एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आपला चांद साधारण द्वितीयेच्या संध्याकाळी दिसतो, म्हणून हिजरी तारखेत एक किंवा दोन मिळवले की तिथी मिळते. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण येतं. अष्टमी-नवमीच्या सुमारास पाणी मंद असतं, त्याला कोळी लोक भांग म्हणतात. खाडीतली बरीच जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. उधाणात ओढ मोठी, म्हणून मासळीही जास्त. भांगात टोपल्या अर्ध्या रिकाम्या.

म्हणजे हिजरी महिन्याची सुरुवात आणि मध्य हे मासळीचे दिवस. ईदुल फित्र तर पहिल्या शव्वालला, ऐन उधाणात. आमच्या बाजारातल्या कोळीण मावशीला शव्वाल हा शब्द ठाऊक नाही, पण ईदच्या दुसऱ्या दिवशी भाभी लोक कोलंबी मागणार, हे तिला बरोबर ठाऊक असतं.

या हिशेबाची आठवण यायला कारण घडलं. गेलं वर्षभर आमच्या घरात एकच विषय चालू आहे. जुन्या पनवेलमधलं, बंदर रोडपासून जवळचं हे घर विकायचं आणि खारघर नाही तर उलव्याच्या बाजूला लिफ्ट असलेला फ्लॅट घ्यायचा की नाही? कुवेतमध्ये नोकरीला असलेले धाकटे भाईजान सुट्टीवर आले होते. त्यांचं म्हणणं, विमानतळ झालाय, भाव आलाय, याहून चांगली वेळ मिळणार नाही. अम्मींचं म्हणणं अगदी छोटं होतं, "तिथं मला मासळी कोण देणार?" भाईजान हसले. आम्ही हसलो नाही. तो प्रश्न दिसतो तेवढा छोटा नव्हता. मग ठरलं, भाईजान, त्यांची दोन मुलं, आमची मुलगी आणि आम्ही, सगळ्यांनी मिळून एक रविवार पायी फिरायचं. आपण विकायला निघालोय ते नेमकं काय आहे, ते आधी डोळ्यांनी पाहायचं.

पाण्यावाटे आलेलं गाव

पनवेल म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांपुढे एक्स्प्रेस वे येतो, रेल्वे जंक्शन येतं. पण हे गाव आधी खाडीचं. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस एकेकाळी होडीत बसून भरतीच्या पाण्यावर पनवेल बंदराला उतरायचा आणि इथून घाटाकडे निघायचा. १७७८ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यावर चालून निघालेली इंग्रजांची फौजही पनवेललाच उतरली होती. पुढच्या जानेवारीत वडगावला तिला मराठ्यांपुढे हार पत्करावी लागली, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. ती फौज कुठे उतरली हे मात्र पनवेलच्या मुलांनाही सांगावं लागतं.

१८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि पनवेलचं नशीब उघडलं. घाटावरचा माल बैलगाड्यांनी खाली यायचा आणि होड्यांनी मुंबईला जायचा. भात आणि मीठ इथलंच. गाडीवान आले म्हणजे त्यांच्यामागे सुतार आले, लोहार आले. पनवेलची गाडीची चाकं इतकी नावाजलेली होती की एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी गॅझेटियरमध्येही त्यांची नोंद आहे. घाटावर परतणारा गाडीवान जाताना चाकांची जोडी घेऊन जायचा. १८५२ मध्ये इथे नगरपालिका स्थापन झाली. राज्यातल्या अगदी जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. १ ऑक्टोबर २०१६ ला तिची महानगरपालिका झाली.

मग बंदर गेलं कुठे? १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि मुंबई-पुण्याचा माणूस कर्जतमार्गे जाऊ लागला. होडीची गरज उरली नाही. हळूहळू खाडीत गाळ साचत गेला. बंदर गेलं, पण बंदरामुळे आलेली माणसं राहिली. आमच्या गल्ल्यांची नावंच पाहा : कच्छी मोहल्ला, पटेल मोहल्ला, कोळीवाडा, मिरची गल्ली, लाईन आळी. कोण कुठून आलं आणि काय विकत होतं, ते पाट्यांवरच लिहिलेलं आहे.

एकाच टोपलीसमोर तीन दस्तरखान

आम्ही सकाळी लवकर मासळीबाजारात पोचलो. भाईजानच्या मुलांनी नाकाला रुमाल लावले होते. दहा मिनिटांत ते खिशात गेले, कारण धाकट्याला जिवंत चिंबोऱ्या दिसल्या. सुतळीने नांग्या बांधलेल्या, तरी फुगे सोडत बसलेल्या.

खाडीची मासळी आणि समुद्राची मासळी यांत फरक असतो. पापलेट, सुरमई, बोंबील बाहेरच्या बंदरांतून येतात. खाडीतून येतात ती बोईटं, निवट्या, चिंबोऱ्या, खुबे, कालवं, बारीक कोलंबी. आणि नशीब चांगलं असेल तर जिताडा. रायगड जिल्ह्यात जिताड्याचा मान वेगळाच. जावयाला, साहेबाला, नव्या व्याह्यांना जिताडा पाठवायची इथली जुनी रीत आहे.

मावशीने अम्मींना पाहिलं आणि टोपलीवरचा ओला फडका बाजूला केला.

"भाभी, आज भांग हाय. काय गावनार? पुनवेला या, तवा बगा."

"ते मला माहीत आहे ग. बोईट दाखव, आणि डोळे दाखव."

डोळे म्हणजे माशाचे. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ला लाल, अंगाला बोट दाबलं तर खड्डा राहत नाही, एवढ्या तीन गोष्टी पाहायच्या. चिंबोरी हातात जड लागली पाहिजे. हलकी असेल तर आत पाणीच. ही परीक्षा मुलांनी पहिल्यांदाच पाहिली. आमची मुलगी दहावीत आहे, ती म्हणाली, "अम्मी आमच्यापेक्षा कडक पेपर तपासतात."

या बाजारातली एक गोष्ट आम्हाला नेहमी नवलाची वाटते. मावशीला तोंड बघून कळतं, कुणापुढे काय ठेवायचं. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आमच्याकडे समुद्रातलं बहुतेक सारं चालतं, म्हणून आमच्यापुढे ती चिंबोरी ठेवते, खुबे ठेवते. कच्छी मेमन हनफी. त्यांच्या घरी मासा जातो, चिंबोरी जात नाही, आणि कोलंबीबद्दल उलेमांत दोन मतं असल्यामुळे कुणी घेतं, कुणी घेत नाही. आणि बेने इस्रायली गिऱ्हाईक आलं तर ज्याला खवले आणि पर दोन्ही आहेत तेवढाच मासा. कोलंबी, चिंबोरी, कालवं काहीच नाही. कुठल्याही किताबाचं पान न उलटता मावशी हे सगळं पाळते. कुणाला चुकीची वस्तू दाखवत नाही. बाजाराचा अदब आम्ही इथे शिकलो.

शनवार तेल्यांचं गाव

बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पनवेलचं त्यांचं प्रार्थनामंदिर, बेथ एल सिनेगॉग, १८४९ चं आहे. गावात इस्रायल तलाव आहे, तो त्यांच्याच नावाचा. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक जण इस्रायलला गेले. थोडी घरं राहिली.

त्यांची आणि आमची चूल किती जवळची! मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून सालनात दही-मलईऐवजी नारळाचं दूध. कोकणी मुसलमानांच्या सालनातही नारळाचंच दूध, फक्त कारण वेगळं : इथे नारळ घरचा. शुभप्रसंगी ते मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, सुका मेवा आणि सोबत फळं. मलिदा हा शब्द आपल्या घरांतही आहे, तो चपाती कुस्करून, तूप-साखर घालून केलेला. शब्द एक, ताटं दोन. वर्गात आम्ही मुलांना विचारतो, शब्द कुणाचा? उत्तरासाठी भांडण होतं आणि तास छान जातो.

मिरची गल्लीतली शिंक

मासळी बर्फात ठेवायला घरी पाठवली आणि आम्ही मिरची गल्लीकडे वळलो. एप्रिल-मेमध्ये इथून शिंकल्याशिवाय कुणी जात नाही. वर्षाचा मसाला याच दिवसांत होतो. रंगासाठी बेडगी आणि काश्मिरी, तिखटासाठी लवंगी, मध्ये संकेश्वरी, वर धणे, हळकुंड, दगडफूल, खडा गरम मसाला. हे सगळं उन्हात कडक वाळवायचं, मंद भाजायचं आणि डंकावर कुटायला न्यायचं. गिरणीत दळलेला मसाला तापतो आणि त्याचा वास उडतो, कुटलेला टिकतो, असं बायका सांगतात. नंबर लागला की डंकासमोर बसून राहायचं, म्हणजे आपला मसाला दुसऱ्याच्यात मिसळत नाही. त्या दोन तासांत किती लग्नं जमतात याचा हिशेब मात्र कुणी ठेवलेला नाही.

याच दिवसांत आगोटीची खरेदी असते. पावसाळ्याचे चार महिने रस्ते आणि समुद्र दोन्ही बंद असत, त्या काळातली ही सवय. सुके बोंबील, सुकट, जवळा, सोडे, वाल, तांदूळ, कांद्याच्या माळा. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. म्हणून सुक्या मासळीचं महत्त्व गेलेलं नाही. पावसाची झड लागलेली, चुलीवर भाजलेला बोंबील आणि तांदळाची भाकरी, हे जेवण कुवेतमध्ये मिळत नाही, असं भाईजान स्वतःच कबूल करून बसले.

पहिला पाऊस पडला की बाजाराच्या कडेला ठाकूर आणि कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, पुढे कंटोली, आणि सगळ्यांत आधी शेवळं. शेवळं घशाला खाजतात, म्हणून विकणारी बाई सोबत काकडाची आंबट फळं देते. ती घातली की खाज मरते. काकडाशिवाय शेवळं नेऊ नका. आमच्याकडे शेवळं खिम्यात होतात, शेजारच्या कायस्थ घरात कोलंबीत. जूनमध्ये त्यांचा डबा इकडे येतो आणि आमचा तिकडे जातो. यात दोन्ही घरांना काही विशेष वाटत नाही. भाईजानच्या मुलांना मात्र वाटलं.

चहा, खारी आणि सोडा

साडेदहाला टपाल नाक्याच्या बाजूला चहा घेतला. चांगल्या चहाची खूण आम्हाला एकच माहीत आहे : भांडं चुलीवरून उतरत नसावं. शेजारच्या बेकरीतून खारी आणि नानखटाई घेतली. उन्हाळ्यात इथे ताडगोळे येतात, पांढरे, थंड, आतल्या पाण्यासकट. पहाटेची ताजी नीरा मिळते, ती उन्हं चढायच्या आत आणि विश्वासाच्या ठिकाणीच घ्यावी, कारण ऊन लागलं की ती आंबते आणि मग ती आपल्या कामाची राहत नाही. कोकम सरबत, उसाचा रस, गोळीची सोडा बाटली हे तर आहेच. मुलांना बाटलीतली गोळी बाहेर कशी काढायची हा प्रश्न पडला. तो आम्हालाही लहानपणी पडला होता, आणि अजून सुटलेला नाही.

रमजानात हीच गल्ली संध्याकाळी वेगळी दिसते. असरनंतर भजी-समोसे तळायला पडतात, फळं चिरली जातात, खजुरांचे ढीग लागतात. मगरिबच्या आधीची दहा मिनिटं रस्ता एकदम मोकळा होतो, आणि तरावीह संपली की पुन्हा भरतो. तेव्हा खिचडा, पाया, मालपुवा, फालुदा. कच्छी घरांतली अखनी आणि कोकणी घरांतलं सांदण एकाच दस्तरखानावर यायला रमजानच लागतो. सांदण म्हणजे तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध आंबवून वाफवलेली गोडसर वडी. ती मटणाच्या झणझणीत सालनासोबत खायची. पहिल्यांदा खाणारा माणूस आधी बिचकतो, मग दुसरी मागतो.

आणि हिवाळ्यात पोपटी. नव्या वालाच्या शेंगा आल्या की मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर शेंगा, बटाटे, कोनफळ, अंडी, मसाला लावून पानात गुंडाळलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. वरून पुन्हा पाला दाबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांची आग करायची. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र झालं की पोपटी झाली. आमच्या शेजारचे आगरी भाऊ पोपटी लावतात तेव्हा कोंबडी आमच्याकडून जाते, म्हणजे सगळ्यांना एकाच मडक्यातलं खाता येतं. हा तोडगा आमच्या वडिलांच्या पिढीने काढला.

खाडीच्या काठावर

दुपारच्या आधी आम्ही बंदराच्या बाजूला गेलो. भाईजानच्या मुलांनी समुद्रकिनारा मनात धरला होता. समोर होता चिखल, कांदळवन, दोन-चार होड्या आणि प्लास्टिक. वरून विमान गेलं. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. त्यासाठी उलव्याचा डोंगर कापला, उलवे नदीचं पात्र वळवलं. तळोजा औद्योगिक क्षेत्रातलं सांडपाणी कासाडी नदीतून खाडीकडे येतं, तो वाद हरित लवादापर्यंत गेला. गावाचं सांडपाणी आपण स्वतः सोडतो. कोळीवाड्यातले म्हातारे सांगतात की पूर्वी कमरेएवढ्या पाण्यात हाताने मासा धरता येत असे. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नसतो, थकवा असतो.

हे सगळं दाखवून झालं तेव्हा भाईजान म्हणाले, "तुम्ही मला विकू नका असं पटवायला आणलंत, आणि शेवटी दाखवलंत हे."

खरं होतं. आम्ही दुसरी बाजूही लपवली नाही. २६ जुलै २००५ ला गाढी नदीचं पाणी पनवेलच्या सखल भागात शिरलं, तेव्हा आमच्या घरात ते खिडकीपर्यंत आलं होतं. अब्बांचं उर्दू पुस्तकांचं कपाट त्यात गेलं. पाणी ओसरल्यावर अब्बांनी एकेक पान वेगळं करून दोरीवर वाळत घातलं होतं. अर्धी पुस्तकंही वाचली नाहीत. त्यानंतर जुलै आला की अम्मी रात्री दोनदा उठून उंबरा पाहतात. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. लिफ्टच्या घराला नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना नाही म्हणणं. असं घर विकायचा विचार करणाऱ्याला आपमतलबी म्हणता येत नाही.

परतताना पुन्हा मासळीबाजारावरून आलो. मावशी टोपल्या धूत होती. अम्मींनी सहज विचारलं, "मुलगी येत नाही हल्ली बाजारात?"

"ती कशाला येतंय? विमानतलावर लागलीय. एसीत काम. माझ्यामागं हा पाट उचलनारा कोन नाय, भाभी."

ती हे आनंदाने सांगत होती, आणि आनंदाचीच गोष्ट होती. पण अम्मी घरापर्यंत काही बोलल्या नाहीत. "तिथं मला मासळी कोण देणार?" हा त्यांचा प्रश्न होता. आता कळलं की काही वर्षांनी तोच प्रश्न इथेही येणार आहे. आपण थांबलो तरी ज्यांच्यासाठी थांबलो ते थांबतीलच असं नाही.

घरात काय ठरलं

रात्री दस्तरखानावर बोईटाचं आंबट-तिखट सालन होतं. निर्णय एका बैठकीत झाला नाही, आणि झाला तो कुणालाच पूर्ण आवडला नाही. घर यंदा विकायचं नाही. जोतं वर घ्यायचं, अम्मींची खोली खाली करायची, पावसाचे दोन महिने त्यांनी आपाकडे नवीन पनवेलला राहायचं. दोन वर्षांनी पुन्हा बसायचं. भाईजान म्हणाले, दोन वर्षांनी भाव कमी झाला तर? अम्मी म्हणाल्या, तर माझ्या वाट्यातून कापून घे. हे त्या हसत म्हणाल्या, पण भाईजानने मान खाली घातली.

आमच्या मुलीने मात्र त्याच रात्री एक काम सुरू केलं. दोनशे पानी वही घेतली, पानावर उभी रेघ मारली. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. उर्दूच्या पुस्तकातला झींगा आणि घरातली कोलमी, भांग आणि उधाण, आगोट, शेवळं कशाने खाजत नाहीत, मासा ताजा कसा ओळखायचा, चांदावरून भरती कशी काढायची. अम्मी सांगतात, ती लिहिते. उर्दूच्या बाजूला कित्येक ओळी रिकाम्या राहतात, कारण निवटीला किंवा खुब्यांना आम्हाला उर्दू शब्द सापडत नाही. तिथे ती मराठी शब्दच उर्दू लिपीत लिहून टाकते. आम्ही शिक्षक म्हणून ते बरोबर धरलं आहे. आता आम्ही वर्गातल्या मुलांनाही अशीच वही करायला सांगितली आहे, प्रत्येकाने आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून. पहिल्या आठवड्यात तीन मुलांनी सांगितलं की त्यांच्या दादीशी ते इतका वेळ पहिल्यांदाच बोलले.

तुम्ही यायचं ठरवलंत तर

हार्बर मार्गाच्या शेवटच्या स्टेशनला, पनवेलला उतरा. जुन्या पनवेलच्या बाजूने बाहेर पडा, नवीन पनवेलच्या नव्हे. एसटी स्टँडही याच बाजूला आहे. टपाल नाक्यापर्यंत रिक्षा घ्या आणि पुढे पायीच फिरा, गल्ल्या अरुंद आहेत. मासळी घ्यायची तर सकाळी लवकर, सोबत जाड पिशवी आणि सुटे पैसे. भावात घासाघीस करा, पण टोपलीतला मासा हातात घेण्याआधी विचारा. मसाल्यासाठी एप्रिल-मे, शेवळांसाठी जूनचा पहिला पंधरवडा, पोपटीसाठी डिसेंबर-जानेवारी. सिनेगॉग पाहायचं असेल तर ते इबादतीचं ठिकाण आहे हे लक्षात ठेवून, परवानगी घेऊनच आत जा. खाडीकाठी गेलात तर आपली प्लास्टिकची पिशवी आपल्यासोबत परत न्या.

आणि यायच्या आधी चांद कितवा ते पाहा. सात-आठ असेल तर एक आठवडा थांबा. चौदा-पंधरा असेल तर त्याच सकाळी निघा. मावशी अजून बाजारात बसते.